एकाच संगणकातले शेजारी

१९५७ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत आयबीएम ७०४ हा संगणक बसवला गेला. आयबीएमने तो देतानाच दिवसाच्या तीन पाळ्या ठरवून दिल्या होत्या. एक पाळी एमआयटीची, एक आसपासच्या न्यू इंग्लंड भागातल्या महाविद्यालयांची आणि एक खुद्द आयबीएमची. एवढ्या नावाजलेल्या संस्थेतले सगळे प्राध्यापक आणि विद्यार्थी मिळून एकच यंत्र, आणि तेही पाळीपुरतं.

तिथे रांग लागायची ती कार्डांची. प्रोग्राम आधी कागदावर लिहायचा, मग पंच मशीनवर बसून जाड कार्डांवर भोकं पाडून उतरवायचा. एका ओळीला एक कार्ड. तयार झालेला गठ्ठा खिडकीवर देऊन निघून जायचं. ऑपरेटर असे पुष्कळ गठ्ठे एकत्र करून चुंबकीय टेपवर चढवायचा आणि ती टेप मोठ्या संगणकाला लावायचा. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, छापील निकाल हातात पडायचा. उघडून बघावं तर एखादा स्वल्पविराम राहून गेल्याने प्रोग्राम पहिल्याच पानावर बंद पडलेला असायचा. मग एक कार्ड बदलून पुन्हा रांग. चूक दुरुस्त करायला लागायचं एक मिनिट आणि ती दुरुस्त झाली का हे कळायला लागायचा अख्खा दिवस.

या पद्धतीला बॅच म्हणत, आणि तिच्यामागचा हिशेब त्या काळी चोख होता. थोड्याच वर्षांत आलेल्या आयबीएम ७०९० ची किंमत तीस लाख डॉलरच्या आसपास होती. एवढं महाग यंत्र क्षणभरही रिकामं बसता कामा नये, मग त्यासाठी माणसं ताटकळली तरी चालतील, असं सगळेच धरून चालत. यंत्राचा वेळ महाग आणि माणसाचा स्वस्त. टाइम-शेअरिंगची, म्हणजे एकाच यंत्राचा वेळ अनेक माणसांत वाटून देण्याच्या पद्धतीची, कथा ही या एका गृहीतकाला दिलेल्या आव्हानाची कथा आहे. पण त्या आव्हानातून पुढे जे घडलं ते कोणीच योजलेलं नव्हतं, आणि मला ते मूळ कल्पनेपेक्षाही महत्त्वाचं वाटतं. एका यंत्रात एकाच वेळी अनेक माणसं नांदू लागली, आणि माणसं शेजारी आली की जे जे होतं ते सगळं संगणकातही झालं.

जॉन मॅकार्थी तेव्हा एमआयटीत होते. लिस्प ही प्रोग्रामिंगची भाषा त्यांची, कृत्रिम बुद्धिमत्ता या विषयाचं नावही त्यांनीच रूढ केलं. १ जानेवारी १९५९ ची तारीख असलेल्या एका टिपणात त्यांनी संगणक केंद्राचे प्रमुख फिलिप मोर्स यांच्यापुढे एक प्रस्ताव ठेवला. माणूस टाइपरायटरसमोर बसून प्रोग्रामशी थेट बोलेल, चूक लगेच दिसेल, लगेच सुधारता येईल. पण महागडं यंत्र एका माणसाच्या पुढ्यात अडकून पडेल त्याचं काय? मॅकार्थींचं म्हणणं होतं की अडकून पडणार नाही, कारण माणूस फार सावकाश असतो. तो सेकंदाला जेमतेम चार-पाच अक्षरं टाइप करतो आणि मग थांबून विचार करतो. आयबीएम ७०९० सेकंदाला दोन लाखांहून अधिक बेरजा करत असे. एकाचा विचार चालू असताना यंत्राने दुसऱ्याचं काम करावं, मग तिसऱ्याचं, आणि पहिल्याने पुढचं अक्षर दाबायच्या आत त्याच्याकडे परत यावं. प्रत्येकाला वाटेल, यंत्र फक्त माझंच आहे.

त्याच वर्षी पॅरिसमध्ये युनेस्कोच्या परिषदेत ब्रिटनच्या ख्रिस्तोफर स्ट्रॅची यांनीही यंत्राचा वेळ वाटून घेण्यावर निबंध वाचला. त्यांचा भर मात्र एका यंत्रावर अनेक कामं एकत्र चालवून यंत्र गुंतवून ठेवण्यावर होता. अनेक माणसांना यंत्रासमोर बसवणं हा मॅकार्थींचा मुद्दा. दोन्ही कल्पना पुढे एकमेकींत मिसळल्या, पण इतिहास घडवला तो दुसरीने.

आणखी एक नाव घ्यायला हवं, जे. सी. आर. लिकलायडर यांचं. ते मूळचे मानसशास्त्रज्ञ. आपण कामाचा वेळ नेमका कशात घालवतो याची त्यांनी नोंद ठेवून पाहिली, तेव्हा ज्याला आपण विचार करणं म्हणतो त्यातला सुमारे ८५ टक्के वेळ विचाराची तयारी करण्यातच जातो, असं त्यांच्या लक्षात आलं. माहिती शोधणं, आकडेमोड करणं, आलेख काढणं यातच सगळा वेळ. १९६० च्या लेखात त्यांनी लिहिलं की हे हमालीचं काम यंत्राकडे द्यावं, आणि त्यासाठी माणूस आणि यंत्र समोरासमोर बसले पाहिजेत. १९६२ मध्ये ते अमेरिकी संरक्षण खात्याच्या आर्पा या संशोधन संस्थेत गेले आणि पैसे कुठे द्यायचे हे त्यांच्या हाती आलं.

आता हे प्रत्यक्षात कसं चालतं ते पाहू. कल्पना सांगायला सोपी आहे, पण त्या काळच्या यंत्रांत ती बसतच नव्हती.

पहिली अडचण अशी की प्रोग्राम एकदा चालू झाला की प्रोसेसर त्याच्याच ताब्यात असतो. त्याने सोडलं नाही तर दुसऱ्याची पाळी येणार कशी? त्यासाठी घड्याळ लागतं. ठरावीक वेळाने हे घड्याळ प्रोसेसरला व्यत्यय आणतं, चालू प्रोग्राम जिथल्या तिथे थांबतो आणि नियंत्रण मुख्य प्रोग्रामकडे जातं. या मुख्य प्रोग्रामला तेव्हा सुपरवायझर म्हणत. तो थांबलेल्या प्रोग्रामची अवस्था नोंदवून ठेवतो: प्रोसेसरच्या कप्प्यांत कोणते आकडे होते, पुढची सूचना कुठली होती. मग पुढच्या प्रोग्रामची अशीच नोंद काढून तो चालू करतो. थांबलेल्या प्रोग्रामला आपण थांबलो होतो याचा पत्ताही लागत नाही.

दुसरी अडचण मेमरीची. माझ्या प्रोग्रामने चुकून तुमच्या जागेत काही लिहिलं तर तुमचं काम बिघडेल. सुपरवायझरच्या जागेत लिहिलं तर सगळ्यांचंच. म्हणून प्रत्येक प्रोग्रामला हद्द आखून द्यावी लागते, आणि ती हद्द यंत्राच्या सर्किटमध्येच असावी लागते, कारण प्रोग्रामच्या सद्वर्तनावर भिस्त ठेवता येत नाही. तसंच टेप फिरवणं, डिस्कवर लिहिणं असल्या सूचना थेट देण्याची मुभा फक्त सुपरवायझरला, बाकीच्यांनी त्याच्याकडे विनंती करायची.

तिसरी अडचण जागेची. मेमरी इतकी तोकडी होती की सगळ्यांचे प्रोग्राम एकाच वेळी तिच्यात मावत नसत. ज्याची पाळी संपली त्याचा प्रोग्राम उचलून बाहेर ठेवायचा आणि पुढच्याचा आत आणायचा.

फर्नांडो कॉर्बातो हे एमआयटीच्याच संगणक केंद्रातले. या तिन्ही अडचणींवर जमेल तसा तोडगा काढत त्यांनी मार्जोरी डॅगेट आणि रॉबर्ट डेली यांच्यासोबत एक प्रणाली उभी केली आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये ती चालवून दाखवली. तिचं नाव कंपॅटिबल टाइम-शेअरिंग सिस्टीम, म्हणजे सीटीएसएस. पहिल्या प्रयोगात आयबीएम ७०९ ला चार विद्युत टाइपरायटर जोडले होते आणि प्रत्येकाचा प्रोग्राम आतबाहेर ठेवायला टेप होत्या. नावातलं ‘कंपॅटिबल’ धोरणी होतं. त्याच यंत्रावर जुनी बॅचची कामंही मागे चालू राहत, त्यामुळे ज्यांना नव्या खटाटोपावर विश्वास नव्हता त्यांचं काही अडत नव्हतं. पुढे आयबीएम ७०९४ मध्ये खास बदल करून घेतले गेले. मेमरीचे ३२,७६८ शब्दांचे दोन भाग केले, एक सुपरवायझरसाठी, एक वापरणाऱ्यांसाठी. हद्द राखणारी सर्किटं आली, घड्याळ आलं, टेपऐवजी डिस्क आणि ड्रम (फिरत्या दंडगोलावर माहिती साठवणारं साधन) आले. साधारण तीस माणसं एकाच वेळी काम करू लागली.

कोणाला किती वेळ द्यायचा, हाही प्रश्न होताच. सगळ्यांना सारखा वेळ दिला तर न्याय झाल्यासारखा वाटतो, पण तसा तो होत नाही. झेरॉक्सच्या दुकानात पाहा. तीनशे पानांचा प्रबंध घेऊन आलेल्या माणसाच्या मागे एक पान घेऊन कोणी उभा असला तर दुकानदार प्रबंध बाजूला ठेवतो, ते पान काढून देतो आणि पुन्हा प्रबंधाकडे वळतो. प्रबंधवाल्याला अर्ध्या मिनिटाचा उशीर जाणवतही नाही, एकपानी गिऱ्हाइकाचा मात्र अर्धा तास वाचतो. कॉर्बातोंनी हीच रीत गणितात बसवली. नव्या, छोट्या कामाला वरच्या रांगेत जागा आणि वेळेचा लहान तुकडा. तेवढ्यात संपलं तर उत्तमच. नाही संपलं तर काम खालच्या रांगेत जातं. तिथे पाळी उशिरा येते, पण आली की वेळेचा तुकडा मोठा मिळतो. कोणतं काम छोटं आणि कोणतं लांबलचक हे आधी माहीत असावं लागत नाही, कामाच्या वागण्यावरूनच ते कळत जातं. १९६२ मध्ये मांडलेली ही अनेक रांगांची पद्धत आजही ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे, आणि तिचे वंशज अजून चालू यंत्रांत आहेत.

विरोध झाला, आणि तो मूर्खपणाचा नव्हता. प्रोग्राम आतबाहेर करण्यात, नोंदी ठेवण्यात यंत्राचा बराच वेळ खर्च होत असे आणि त्या वेळात एकही उपयोगी बेरीज होत नसे. यंत्राच्या बाजूने हिशेब मांडला तर बॅच पद्धतच जिंकत होती. टाइम-शेअरिंगवाल्यांनी हिशेबाची बाजूच बदलली. एका दिवसात एक चूक सुधारणारा माणूस आता एका तासात दहा सुधारू शकत असेल, तर काटकसर कशात आहे, असा त्यांचा प्रश्न होता. यंत्रं दरवर्षी स्वस्त होत होती आणि माणसं काही स्वस्त होत नव्हती, त्यामुळे काळ त्यांच्याच बाजूने होता.

जुलै १९६३ मध्ये आर्पाच्या पैशावर एमआयटीत प्रोजेक्ट मॅक हा संशोधन प्रकल्प सुरू झाला. रॉबर्ट फॅनो त्याचे प्रमुख. सीटीएसएस आता प्रयोग राहिला नव्हता, शेकडो लोकांचं रोजचं कामाचं ठिकाण झाला होता. इथून खरी गंमत सुरू होते.

बॅचच्या काळात तुमचा प्रोग्राम तुमच्या कपाटात असायचा, कार्डांच्या खोक्यात. आता तो यंत्रातल्या डिस्कवर राहू लागला, दुसऱ्यांच्या फाइलींच्या शेजारी. मग माझी फाइल कोणती आणि तुमची कोणती हे यंत्राला कळायला हवं. त्यासाठी प्रत्येकाला ओळख हवी, आणि ती ओळख खरी आहे याचा पुरावा हवा. म्हणून पासवर्ड आला. आज बँकेपासून शाळेच्या अ‍ॅपपर्यंत आपण जो पासवर्ड टाइप करतो, त्याचं संगणकातलं पहिलं ठळक रूप सीटीएसएसमध्ये दिसतं.

कुलूप आलं तसा ते उघडणाराही आला. अ‍ॅलन शेर हे तिथले संशोधक विद्यार्थी. टाइम-शेअरिंग प्रणालींच्या कामगिरीचं गणिती विश्लेषण हाच त्यांच्या पीएचडीचा विषय. आठवड्याला मिळणारा ठरावीक वेळ त्यांना पुरत नव्हता. फाइलचं नाव लिहिलेलं कार्ड दिलं की ती फाइल छापून मिळते, ही सोय त्यांना ठाऊक होती. १९६२ मध्ये एका रात्री त्यांनी पासवर्डांच्या फाइलचंच कार्ड दिलं आणि सकाळी छापील यादी उचलली. ही हकिगत कित्येक वर्षांनी त्यांनी स्वतःच सांगितली.

दुसरा प्रसंग १९६६ चा, आणि तो कॉर्बातोंनी १९९० च्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात सांगितला. एके दिवशी जो कोणी सीटीएसएसवर लॉगिन करेल त्याच्या टाइपरायटरवर रोजच्या स्वागत-सूचनेऐवजी सगळ्यांचे पासवर्ड छापून येऊ लागले. यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. फाइल संपादित करणारा प्रोग्राम काम चालू असताना एक तात्पुरती फाइल बनवत असे आणि तिचं नाव नेहमी एकच असे. एका खात्यातून एका वेळी एकच माणूस काम करणार असं तो लिहिणाऱ्याने धरलं होतं. त्या दिवशी प्रणाली सांभाळणारे दोघे एकाच खात्यातून काम करत होते, एक स्वागत-सूचना बदलत होता, दुसरा पासवर्डांची यादी. दोन तात्पुरत्या फाइलींची अदलाबदल झाली. दोन कामं एकाच वेळी एकाच गोष्टीला हात लावतात तेव्हा काय होऊ शकतं याचा हा इतका स्वच्छ नमुना आहे की प्रोग्रामिंग शिकवणाऱ्या प्रत्येकाने तो वर्गात सांगावा.

शेजार म्हटला की नुसती कुलपं नसतात. १९६५ मध्ये टॉम व्हॅन व्हेक आणि नोएल मॉरिस या दोघांनी सीटीएसएसवर मेल नावाचा आदेश लिहिला. एकाने दुसऱ्याच्या खात्यात निरोप ठेवावा, त्याने लॉगिन केल्यावर वाचावा. प्रणाली सांभाळणाऱ्यांना सगळ्यांना एकदम निरोप पाठवायची मुभा होती, आणि साधारण १९७१ मध्ये त्यांच्यातल्या एकाने व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात सगळ्या वापरकर्त्यांना संदेश धाडला. ही आपली सोय नव्हे, तिचा गैरवापर आहे, असं व्हॅन व्हेक यांनी त्याला सुनावलं. हा संदेश महत्त्वाचा आहे, असं त्याचं उत्तर होतं. न मागितलेल्या मेलवरचा हा वाद अजून संपलेला नाही.

जेरोम सॉल्टझर यांनी मजकूर नीट पानांत मांडून छापणारा रनऑफ हा प्रोग्राम लिहिला, तोही आधी स्वतःच्या पीएचडीच्या कामापुरता. फ्रान्सहून आलेल्या लुई पूझँ यांनी अनेक आदेश एका फाइलमध्ये लिहून ओळीने चालवण्याची सोय केली. वाइझेनबॉम यांचा एलायझा, माणसाशी टाइप करून बोलणारा तो प्रसिद्ध प्रोग्राम, याच यंत्रावर घडला. एकाने लिहिलेला प्रोग्राम दुसरा तिथल्या तिथे वापरू शकत होता, त्यात भर घालू शकत होता. पूर्वी यासाठी कार्डांचं खोकं उचलून न्यावं लागे. माझ्या मते टाइम-शेअरिंगचा खरा ठेवा हा आहे. वेळ वाटून घ्यायला गेलेले लोक काम वाटून घेऊ लागले.

एमआयटीपासून काही तासांच्या अंतरावर, न्यू हॅम्पशरमधल्या डार्टमथ महाविद्यालयात या कल्पनेला वेगळंच वळण मिळालं. जॉन केमेनी हे बुडापेस्टमध्ये जन्मलेले गणितज्ञ, तरुणपणी आइन्स्टाइन यांचे साहाय्यक राहिलेले. त्यांचे सहकारी थॉमस कर्ट्झ. टाइम-शेअरिंग करून पाहा, असं मॅकार्थींनीच कर्ट्झना सुचवलं होतं. पण या दोघांची दृष्टी संशोधकांवर नव्हती. डार्टमथचे बहुतेक विद्यार्थी विज्ञानाचे नव्हते. इतिहास, साहित्य, अर्थशास्त्र शिकणारी ही मुलं उद्या देशाचे निर्णय घेतील, त्यांना संगणक कळायला हवा, असं त्यांना मनापासून वाटत होतं. ग्रंथालयात जसं कोणीही जाऊन हवं ते पुस्तक काढतं तसा संगणक सगळ्यांना खुला हवा, परवानगी नको, बिल नको.

त्यासाठी प्रचलित भाषा फार अवघड होत्या, म्हणून त्यांनी बेसिक ही नवी भाषा आखली. आणि प्रणाली लिहायला पदवीच्या विद्यार्थ्यांनाच हाताशी घेतलं. जॉन मॅकगीची आणि मायकेल बुश यांच्यासारख्या मुलांनी जनरल इलेक्ट्रिकच्या दोन यंत्रांवर सगळी जोडणी केली. एक यंत्र टेलिटाइपवरची, म्हणजे तारेने संगणकाला जोडलेल्या टाइपरायटरवरची, अक्षरं गोळा करणार, दुसरं प्रोग्राम चालवणार. १ मे १९६४ च्या पहाटे चार वाजता दोन टेलिटाइपवरून दोन बेसिक प्रोग्राम एकाच वेळी चालले आणि दोन्हींची उत्तरं बरोबर आली. थोड्याच काळात महाविद्यालयभर टेलिटाइप दिसू लागले, मुलं गृहपाठ करू लागली आणि अर्थातच खेळ लिहू लागली. मला या सगळ्या इतिहासात डार्टमथचा भाग सर्वांत जवळचा वाटतो. सामान्य विद्यार्थी चुकत चुकत शिकेल आणि यंत्र त्याला लगेच उत्तर देईल, एवढंच तर टाइम-शेअरिंगचं मूळ वचन होतं. ते इथे पूर्ण पाळलं गेलं.

जनरल इलेक्ट्रिकने याच पायावर धंदा उभारला. फोनवरून संगणक वापरा आणि वापरलेल्या वेळाचे पैसे भरा. १९६८ मध्ये सिएटलच्या लेकसाइड शाळेत मुलांच्या आयांनी जुन्या वस्तूंच्या विक्रीतून पैसे जमवले आणि एक टेलिटाइप आणि असा भाड्याचा वेळ घेऊन दिला. त्या टेलिटाइपवर रमलेल्या मुलांत बिल गेट्स आणि पॉल अ‍ॅलन होते. १९७५ मध्ये त्यांनी आल्टेअर या छोट्या संगणकासाठी जी बेसिक लिहिली, तीही हार्वर्डच्या पीडीपी-१० या टाइम-शेअरिंग यंत्रावर. आल्टेअर त्यांच्याकडे नव्हताच. पीडीपी-१० ला त्याची नक्कल करायला लावून त्यांनी काम उरकलं.

इकडे कॉर्बातो आणि मंडळींना सीटीएसएसपेक्षा कितीतरी मोठं काही हवं होतं. घरोघर वीज येते, फोन येतो, तशी गणनशक्ती मिळावी, असं मॅकार्थी १९६१ मध्येच एमआयटीच्या शताब्दीनिमित्तच्या भाषणात बोलले होते. मल्टिक्स हा तो प्रयत्न. एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅब्ज ही टेलिफोन कंपनीची प्रयोगशाळा यांनी तो मिळून हाती घेतला. आयबीएमला हे काम मिळालं नाही, कारण मेमरीचे पत्ते चालता चालता बदलून देणारी सर्किटं तिच्या नव्या सिस्टीम/३६० मध्ये नव्हती. मल्टिक्सने कल्पना भरभरून दिल्या. फोल्डरमध्ये फोल्डर असलेली फाइलव्यवस्था, अधिकारांची एकाबाहेर एक वर्तुळं, कोणाला काय वाचता-लिहिता येईल याच्या याद्या. पण काम लांबत गेलं. १९६९ च्या वसंतात बेल लॅब्ज बाहेर पडली. त्याच वर्षी ऑक्टोबरात मल्टिक्स एमआयटीत वापरात आलं, आणि त्याचं शेवटचं यंत्र कॅनडातल्या हॅलिफॅक्स इथे ३० ऑक्टोबर २००० रोजी बंद झालं. मल्टिक्सला फसलेला प्रकल्प म्हणायची पद्धत आहे. एकतीस वर्षं चाललेल्या प्रणालीला ते लागू पडत नाही.

बेल लॅब्जमधल्या केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांना मल्टिक्स गेल्यावर सर्वांत जास्त कशाची उणीव भासली, हे रिची यांनी लिहून ठेवलं आहे. प्रोग्राम लिहायची चांगली सोय तर हवीच होती, पण ज्याभोवती माणसांचा एक गोतावळा जमेल अशी प्रणाली त्यांना हवी होती. थॉम्पसन यांनी फारसा वापरात नसलेला पीडीपी-७ हा छोटा संगणक घेतला आणि १९६९ च्या उन्हाळ्यात युनिक्सला सुरुवात केली. मल्टिक्समधून झाडासारखी फाइलव्यवस्था, वापरकर्त्याचे आदेश वाचणारा स्वतंत्र प्रोग्राम, प्रत्येक कामाला स्वतंत्र प्रक्रिया अशा गोष्टी घेतल्या आणि बाकी बरंच गाळलं. जुलै १९७४ मध्ये त्यावरचा प्रसिद्ध निबंध आला तेव्हा शीर्षकातच त्यांनी युनिक्सला टाइम-शेअरिंग सिस्टीम म्हटलं होतं.

गोतावळ्याची ही ओढ एका यंत्रापुरती राहिली नाही. १९६६ मध्ये आर्पात रॉबर्ट टेलर यांच्या कार्यालयात तीन टर्मिनल, म्हणजे दूरच्या यंत्राशी जोडून काम करायची साधनं, होते: एक एमआयटीचं, एक बर्कलीचं, एक सांता मोनिकातल्या क्यू-३२ या यंत्राचं. प्रत्येक यंत्राभोवती जमलेली मंडळी आपसात निरोप देत, प्रोग्राम देत. पण एका यंत्रावरच्या माणसाशी बोलता बोलता दुसऱ्या यंत्रावरच्याला विचारायचं तर उठून दुसऱ्या टर्मिनलवर जावं लागे, आणि प्रत्येकाचे आदेश निराळे. तीनऐवजी एकच टर्मिनल का नसावं, या टेलर यांच्या प्रश्नातून आर्पानेट हे संगणकांचं जाळं उभं राहिलं, आणि त्यातून पुढे इंटरनेट. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी टेनेक्स या टाइम-शेअरिंग प्रणालीवरचा निरोपांचा प्रोग्राम घेतला, जो तोवर एकाच यंत्रातल्या शेजाऱ्यांपुरता होता, आणि त्याला दुसऱ्या यंत्रापर्यंत जायला शिकवलं. माणसाचं नाव आणि यंत्राचं नाव वेगळं दाखवायला त्यांनी मध्ये @ हे चिन्ह टाकलं.

आयबीएमने मागे पडल्याचं उट्टं वेगळ्याच तऱ्हेने काढलं. अमेरिकेतल्या केंब्रिजमधल्या तिच्या छोट्या गटात रॉबर्ट क्रीसी यांनी वेळ वाटण्याऐवजी सबंध यंत्रच वाटायचं ठरवलं. प्रत्येक वापरकर्त्याला आपल्यापुढे अख्खा स्वतंत्र संगणक आहे असं भासेल आणि त्यावर तो हवी ती ऑपरेटिंग सिस्टीम चालवेल. १९६७ मध्ये ते चालू झालं, १९७२ मध्ये व्हीएम/३७० या नावाने बाजारात आलं. आज क्लाउडवर सर्व्हर भाड्याने घेताना आपल्याला मिळतं ते असंच आभासी यंत्र, वापरलेल्या वेळाच्या हिशेबाने.

भारतात ही लाट उशिरा, तुकड्यातुकड्यांनी आली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० आला, तो बॅच पद्धतीचा, देशभरातल्या संशोधकांची कार्डं त्यावर चालत. सत्तरच्या दशकात तिथल्याच सॉफ्टवेअर विकास केंद्रात डेकसिस्टम-१० आला आणि टर्मिनलवर बसून काम करणं शक्य झालं. सामान्य माणसाच्या नजरेला टाइम-शेअरिंग पडलं ते बँकेत. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आणि नव्वदच्या दशकात शाखांचं संगणकीकरण झालं तेव्हा अनेक ठिकाणी मागच्या खोलीत युनिक्सचं एकच यंत्र असायचं आणि काउंटरवर हिरव्या अक्षरांचे टर्मिनल. त्या टर्मिनलमध्ये स्वतःचा प्रोग्राम काहीच नसे. पाच-सहा कर्मचारी एकाच प्रोसेसरचा वेळ वाटून घेत आणि पासबुकं भरली जात.

तोवर घराघरांत स्वतंत्र संगणक येऊ लागले होते. यंत्र एकाचंच असेल तर पासवर्ड कशाला, हद्द कशाला, असं वाटून सुरुवातीच्या वैयक्तिक संगणकांनी हे सगळं टाकून दिलं. त्यांच्यावरच्या डॉस या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये एका प्रोग्रामची चूक अख्खं यंत्र बंद पाडू शकत असे, विषाणू मोकाट फिरत. मग एकेक गोष्ट परत आणावी लागली. विंडोज एनटीचे शिल्पकार डेव्ह कटलर हे व्हीएमएस या टाइम-शेअरिंग प्रणालीवर काम करून आलेले होते. अ‍ॅपलने मॅकचा पाया युनिक्सवर नेला. अँड्रॉइडच्या मुळाशी लिनक्स आहे, युनिक्सच्या धर्तीवर लिहिलेलं.

अँड्रॉइडमध्ये तर जुन्या व्यवस्थेचा वापर फार सुंदर केला आहे. लिनक्समध्ये प्रत्येक वापरकर्त्याला एक क्रमांक असतो आणि एकाच्या फाइली दुसऱ्याला उघडता येत नाहीत. फोन वापरणारा बहुधा एकच असतो, म्हणून अँड्रॉइड हा क्रमांक अ‍ॅपला देतो. नवं अ‍ॅप टाकलं की त्याची नवा वापरकर्ता म्हणून नोंद होते. बँकेचं अ‍ॅप एक वापरकर्ता, खेळाचं अ‍ॅप दुसरा. खेळाला बँकेच्या अ‍ॅपची फाइल वाचायची झाली तर आड येते ती वापरकर्त्यांमधली हीच भिंत, आणि कॅमेरा किंवा संपर्कयादी हवी असेल तर प्रत्येक अ‍ॅपला ती मागून घ्यावी लागते.